कोमट पाण्यातली सुई

एप्रिलमधल्या जयंतीला माझ्या माहेरच्या वस्तीत, विहाराच्या हॉलमध्ये, रक्तदान शिबिर असतं. दरवर्षी मी रांगेत उभी राहायचे आणि दरवर्षी हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून परत यायचे. त्या वर्षी मात्र पास झाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा रक्त दिलं, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की हातावरची चिकटपट्टी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातानाही काढली नाही. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे अप्रूप वाटावं असं फारसं काही घडत नाही.

काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. बोलणारी मुलगी फार गोड बोलत होती, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

“मॅडम, आपण एकदा प्रत्यक्ष येऊन भेटाल का?”

“का हो? काय झालं?”

“फोनवर नाही सांगता येत. घरचं कुणी बरोबर आलं तरी चालेल.”

मी एकटीच गेले. त्या मुलीनं केबिनचं दार लावून घेतलं आणि सांगितलं की माझ्या रक्तात हेपॅटायटिस सी या विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, खात्रीसाठी आणखी एक तपासणी करावी लागेल. मग तिनं एक छापील कागद पुढे ओढला. नशेची इंजेक्शनं घेता का? अंगावर गोंदवलंय का? कधी रक्त चढवलं होतं का? पुढच्या प्रश्नाला ती अडखळली, कारण मी तिच्या आईच्या वयाची होते.

“विचारा, तेही विचारा,” मी म्हटलं.

तिनं विचारलं. मी ‘नाही’ म्हणाले. तिनं ‘नाही’वर खूण केली, पण खूण करण्याआधी एक क्षण माझ्या तोंडाकडे बघितलं. तो क्षण मला अजून खुपतो.

बाहेर आले तशी बेसिनपाशी गेले आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. धुऊन झाल्यावर लक्षात आलं की हाताला काहीच लागलेलं नाही. जे होतं ते आत होतं.

पुढचे आठ दिवस मला माझ्या शरीराची जी शिसारी आली, तशी आयुष्यात कधी कशाची आली नव्हती. घरी आल्या आल्या बाथरूममधला ब्रशचा पेला पाहिला. नवऱ्याचा, मुलीचा आणि माझा ब्रश एकमेकांत डोकी घालून उभे होते. मी तिन्ही कचऱ्यात टाकले. नेलकटर टाकलं. मुलगी माझंच रेझर वापरायची, हे तिनं सहज सांगितलं तेव्हा मला ओकारी आली. त्यात माझी पाळी जायचं वय, त्यामुळे ती वेळीअवेळी आणि भसाभसा यायची. आधी नुसता वैताग वाटायचा. आता त्या रक्ताकडे मी विष सांडल्यासारखी बघायचे, कागदाच्या तीन-तीन घड्यांत गुंडाळायचे आणि नाक चुरचुरेपर्यंत फिनेल ओतायचे. नवरा दाराबाहेरून म्हणायचा, “अगं, बास. फरशी उठून जाईल.” तो चांगला माणूस आहे. त्यानं स्वतःची आणि मुलीची तपासणी करून घेतली, दोन्ही निगेटिव्ह आल्या, आणि रिपोर्ट माझ्या उशाशी ठेवून तो कामाला गेला.

दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली. विषाणू रक्तात जिवंत होता.

सदाशिव पेठेतल्या एका यकृतविकारतज्ज्ञांचं नाव ऑफिसातल्या एकानं सुचवलं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात चपलांचा ढीग. आत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र टम्म फुगलेलं, सदऱ्याची बटणं ताणलेली. डोळे हळदीसारखे. तो अधूनमधून प्लास्टिकच्या पिशवीत थुंकत होता आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरत होता. मी उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्याच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. माझाही आजार यकृताचाच होता, तरी मी उठले. याची लाज नंतर वाटली. त्या वेळी फक्त किळस वाटत होती.

आणि खिडकीशी उभं असताना मला माझी आई आठवली. शेवटच्या वर्षी तिचंही पोट असंच झालं होतं.

डॉक्टर साठीचे, बोलायला तुटक. कागद वाचून म्हणाले, “प्रकार तीन.”

“म्हणजे तिसरी स्टेज?”

“नाही हो. स्टेज वेगळी, प्रकार वेगळा. या विषाणूचे मुख्य प्रकार सहा-सात आहेत. आपल्याकडे तीन नंबर आणि एक नंबर जास्त दिसतात. आधी प्रकार बघून उपचार ठरायचा, सहा महिने ते वर्षभर सुया टोचून घ्यायला लागायच्या, त्यातही निम्मे लोक हैराण होऊन सोडून द्यायचे. आता बहुतेक सगळ्या प्रकारांना चालेल अशी गोळी आहे. रोज एक, बारा आठवडे. सरकारी रुग्णालयातही मिळते.”

“आणि हे आलं कुठून?”

“रक्तातून. एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं की येतो, एरवी येत नाही. न तपासलेलं रक्त चढवणं, एकाची सुई दुसऱ्याला, न उकळलेली हत्यारं, वस्तरा, गोंदणं. आईकडून बाळाला क्वचित. नवरा-बायकोत फारच कमी. तुमच्या यकृताला सूज थोडी आहे, पण विषाणू जुना दिसतोय. वीस, तीस वर्षं गुपचूप बसतो हा. लहानपणी इंजेक्शनं फार घेतलीत का?”

माझा हात आपोआप दंडाकडे गेला. त्यांनी मान वर केली.

“घेतलीत,” ते म्हणाले.

आमचं गाव तेव्हा हडपसरच्या पलीकडे होतं. आता ते शहरातच आहे, पण माझ्या लहानपणी तिथे उसाची शेतं होती आणि एकच डॉक्टर होते. त्यांची पदवी कुणी पाहिली नव्हती. आधी पुण्यात कुठेतरी कंपाउंडर होते म्हणत. ताप असो, खोकला असो, हगवण असो, ते सुई द्यायचे. सुई दिली नाही तर लोकांनाच बरं वाटायचं नाही. मी अशक्त होते म्हणून आई मला दर बाजारच्या दिवशी ताकदीच्या सुईला न्यायची, आणि आपणही एक घ्यायची, कारण तिला सारखी चक्कर यायची.

मला त्या टेबलावरचा स्टीलचा ट्रे स्पष्ट आठवतो. त्यात कोमट पाणी असायचं. डॉक्टर एकाला टोचायचे, काचेची पिचकारी त्या पाण्यात दोनदा खळबळायचे, कापसाचा तोच बोळा सुईवरून फिरवायचे आणि पुढच्याला बोलवायचे. पिचकारी खळबळताना पाण्यात गुलाबी धागा सुटायचा, वळवळायचा आणि विरून जायचा. मला तो बघायला आवडायचा. माझा नंबर येईपर्यंत मी टाचा उंचावून तो धागा बघत असे. दुपारपर्यंत पाण्यावर तवंग धरायचा आणि ट्रेच्या कडेला तपकिरी पुटं बसायची. त्या पाण्यात गावातल्या निम्म्या माणसांचं रक्त होतं, आणि ते माझ्या दंडात गेलं होतं.

त्या रविवारी मी नेहमीसारखी माहेरी गेले. घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. आजाराचं मी फोनवर आधीच सांगितलं होतं. वहिनीनं चहा आणला. सगळ्यांना नेहमीचे कप, मला कागदी पेला.

मला वाटलं, कप फुटला असेल. मग वहिनीची खाली गेलेली नजर दिसली.

“कुणी सांगितलं हे?” मी विचारलं.

वहिनी अण्णांकडे बघायला लागली. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “घरात लेकरं हायेत, पोरी. वाईट वाटून घिऊ नको.”

माझे अण्णा. लहानपणी आम्हाला रात्री गोष्ट म्हणून काय सांगायचे, तर गावच्या हॉटेलाची. हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला बिनकानाचा कप, तो आपणच विसळायचा, लांबून ओतलेला चहा प्यायचा, पुन्हा विसळून टांगायचा. ते सांगताना त्यांचा आवाज चिरकायचा. त्या कपाच्या रागावर ते शिकले, कारखान्यात लागले, त्यांनी आम्हाला शिकवलं. आणि आज त्यांनी माझा पेला वेगळा केला.

“अण्णा, खिळा कुठे ठोकलाय?” मी म्हणाले. “पेला टांगायला.”

त्यांचा चेहरा पडला. “तसं न्हाय गं. त्यो बाट वायला, हा आजार वायला.”

“हा आजार कपातून होत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. खाण्यापिण्यातून नाही, शिवण्यातून नाही.”

“डाक्टर सांगत्यात. पण लेकरं हायेत,” ते पुन्हा म्हणाले.

तो चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली, पेल्याचा कागद ओलावून मऊ पडला. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला पहिल्यांदा आजारापेक्षा माणसांची किळस आली. ऑफिसातही फार वेगळं नव्हतं. माझ्या शेजारच्या बाई मी उठले की माझ्या खुर्चीच्या हातांवर सॅनिटायझर फवारायच्या आणि मला बघून म्हणायच्या, “अहो, धूळ किती!” पण त्या परक्या होत्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मी पेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “वडिलांना विचारा, त्या कपाला नसा आहेत का. नसतील तर प्या म्हणावं खुशाल.” मग मी आईचं सांगितलं. डोळे पिवळे, पोटात पाणी, शेवटी रक्ताच्या उलट्या. ते थोडा वेळ पेन फिरवत राहिले.

“असू शकेल. यकृत सुकलं की असंच होतं. पण कागद नाहीत, तपासणी नाही. मी शपथेवर सांगणार नाही.”

मला शपथ नको होती. आई गेली तेव्हा माझी आत्या दहाव्याच्या दिवशी बायकांत बसून म्हणाली होती, “गुपचूप पीत असंल. त्याशिवाय लिव्हर जातंय व्हय?” माझ्या आईनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ती गोष्ट वस्तीत फिरली आणि अण्णांनी ती कधी खोडली नाही. मीही नाही. मी कॉलेजात होते, मला आईची लाज वाटत होती.

गावातले डॉक्टर अजून जिवंत आहेत हे मला भावाकडून कळलं. एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. खाली त्यांच्या मुलाचा दवाखाना, वर बंगला. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून पोहे खात होते. ऐंशीच्या पुढचे. हनुवटीला पोह्याचे दोन दाणे चिकटलेले. मी ओळख सांगितली, आईचं सांगितलं. त्यांना आई आठवत होती.

“गोरी होती. चक्कर यायची तिला,” ते म्हणाले. “कावीळ झाली ना?”

“हो. आणि मला हेपॅटायटिस सी आहे. तुमच्याकडच्या सुईतून झाला असं मला वाटतं.”

ते चावायचे थांबले नाहीत. “त्या काळी सगळेच तसं करायचे. आणि आम्ही उकळायचो.”

“नाही उकळायचे तुम्ही. कोमट पाण्यात खळबळायचे. मी टेबलाशी उभी असायचे.”

“लोकंच मागायची सुई. नाही दिली तर दुसऱ्याकडे जायची.” त्यांनी चमचा ताटलीत ठेवला. “आता तुला काय पाहिजे?”

“तुम्ही गावाला सांगा. ज्यांनी तुमच्याकडे सुया घेतल्या त्यांनी एकदा रक्त तपासावं, एवढंच. तुमचं ऐकतील.”

ते हसले. दातांत पोहे होते. “या वयात तोंडाला काळं फासून घेऊ? माझा मुलगा इथे धंदा करतो, बाई. तू जा.”

मी पायऱ्या उतरले. खाली मुलाच्या दवाखान्यात गर्दी होती. एक बाई काउंटरवर भांडत होती, “गोळ्या नकोत, सुई द्या, गोळ्यांनी अंगातलं जात न्हाय.” मी रस्त्यावर आले आणि कोपऱ्यावरच्या गटाराशी वाकून ओकले. समोरच्या पंक्चरवाल्यानं पाणी आणून दिलं. मी तांब्या तोंडाला लावला नाही. ओंजळीनं प्यायले. सवय लागली होती.

पौर्णिमेला विहारात वंदना असते. वंदना झाल्यावर मी उभी राहिले. बोलायची मला सवय नाही. मी सांगितलं की मला हा आजार आहे, कसा होतो, कशानं होत नाही, माझी आई बहुधा याच्यातच गेली आणि ती दारू प्यायची नाही. ज्यांनी त्या डॉक्टरांकडे सुया घेतल्यात त्यांनी तपासून घ्यावं, औषध आहे, माणूस बरा होतो. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं पदर आवरून घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, “घरातली घाण कशाला बाहेर काढायची?” पण नंतर चपला घालताना समोरच्या घरातल्या मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मलाबी चार वर्सं सुया होत्या गं. कुठं जायचं तपासायला?”

मी त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. मग आणखी काही जण आले. ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहायचे. तिथल्या संडासाचा वास ओढणीला लागायचा, घरी आल्यावर आधी ओढणी भिजवायचे. मावशी पॉझिटिव्ह निघाल्या. भाऊ यायला तयार नव्हता. “मला काय झालंय? धडधाकट हाय मी,” म्हणाला. शेवटी वहिनीनंच त्याला ढकललं, मुलांच्या भीतीनं.

तोही पॉझिटिव्ह निघाला. प्रकार तीन. मी सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांना म्हणाले, “आम्हा दोघांचा एकच प्रकार, म्हणजे सुई तीच.” ते म्हणाले, “आपल्याकडे अर्ध्याहून जास्त लोकांत हाच प्रकार सापडतो. याच्यावरून काही सिद्ध होत नाही. पण भावाचं यकृत तुमच्यापेक्षा फार कडक झालंय. त्याची काळजी करा.”

रिपोर्ट घेऊन घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसली. मग तिनं हळूच मला विचारलं, “ताई, यांचा ब्रश आन् दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेवायचं ना? ताट-कप चालतंय ना?”

“चालतंय,” मी म्हणाले.

आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. खोटं का सांगू? माझ्या सख्ख्या भावाचं यकृत दगड होत चाललेलं, आणि मला आतून गार वाटलं की आता कळू दे यांना. तेवढ्या दिवसांत मी ज्यांची ज्यांची किळस केली होती, त्या सगळ्यांपेक्षा त्या क्षणाची मी मला जास्त घाण वाटले.

अण्णा कॉटवर बसून होते. त्यांची तपासणी निगेटिव्ह आली होती. ते आयुष्यात कधी आजारी पडले नाहीत, त्यांनी कधी सुई घेतली नाही. मग ते म्हणाले, “मीच न्यायचो.”

“काय?”

“तुझ्या आईला. तू शाळंत असायचीस तवा, सायकलवर डबलसीट. ती म्हनायची, नगं, दंड दुखतोय. मी म्हनायचो, चल, ताकद येती. पोराला पुढं दांडीवर बसवायचो.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “आन् तुझी आत्या तसं बोलली तवा मी गप बसलो. मला वाटलं, खरंच पीत असंल. मला तिची घान वाटायला लागली हुती. शेवटी शेवटी मी तिच्याजवळ बसायचो न्हाय.”

मला त्यांना जवळ घ्यायचं होतं आणि त्यांच्या अंगाला हातही लावायचा नव्हता. दोन्ही एकाच वेळी. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि वहिनीबरोबर पोळ्या लाटल्या.

माझ्या गोळ्या बारा आठवड्यांत संपल्या. डोकं दुखायचं, थकवा यायचा, बाकी काही नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी तपासणी केली तेव्हा विषाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, “गेला. पण लक्षात ठेवा, तुमची पहिली चाचणी आयुष्यभर पॉझिटिव्हच येणार. शरीर विसरत नाही. रक्तदान आता नाही. आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, लस नाही याला.” मी हो म्हणाले. मावशीही बऱ्या झाल्या, आणि वस्तीत सगळ्यांना सांगत फिरल्या.

भावाचा कोर्स डॉक्टरांनी लांबवला. त्याच्याही रक्तातून विषाणू गेला, पण यकृत जे कडक झालं ते झालं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, गाठ होत नाही ना बघायचं, असं त्याला सांगितलंय. मी त्याच्याबरोबर जाते. मागच्या वेळी आम्ही बाकावर बसलो होतो, त्याला पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची होती आणि तो वैतागला होता. तेवढ्यात शेजारी एक पिवळ्या डोळ्यांची बाई येऊन बसली, तिच्या अंगाला आंबूस वास येत होता. भावाची मान आपोआप दुसरीकडे वळली. मग त्यानं ती परत वळवली, तोंडानं श्वास घेतला आणि तिला विचारलं, “मावशी, तुमचा नंबर कितवा?”

“सतरा,” ती म्हणाली.

“मग यील की लवकर,” तो म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला.